खालून पहिली ओळ

चष्मेवाल्यांच्या दुकानात डोळे तपासायची जी पाटी होती, तशी पाटी जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. असलीच तर तिथल्या लोकांचंही देव भलं करो. इतरांच्या दुकानात आपली साधी अक्षरं असतात, वर मोठी आणि खाली बारीक होत गेलेली. पण चष्मेवाल्यांना साधं काही खपत नसे. माणूस पाच मिनिटं खुर्चीत बसून भिंतीकडे बघणार, तर तेवढ्यात त्याच्यावर चार चांगले संस्कार का करू नयेत, असा त्यांचा सवाल. म्हणून त्यांनी स्वतः पाच ओळी रचल्या आणि रंगवून काचेच्या चौकटीत बसवून घेतल्या. सगळ्यात वर, हाताएवढ्या अक्षरात, 'खरे बोला'. त्याखाली 'वडिलांचा मान राखा'. मग 'दुसऱ्याच्या वस्तूला हात लावू नका'. मग 'रागात निर्णय घेऊ नका'. आणि सगळ्यात खाली, तांदळाच्या कणीएवढ्या अक्षरात, 'चूक झाली तर ती लगेच कबूल करा'.

आता कुठली ओळ मोठी काढावी आणि कुठली बारीक, हे ज्याचं त्यानं ठरवावं. आपण कोण बोलणार?

बावीस वर्षं ती पाटी त्या भिंतीवर होती. एवढ्या वर्षांत आसपासच्या चार गल्ल्यांतली सगळी नाकं चष्मेवाल्यांच्या हाताखालून गेली. लहान मूल आईचं बोट धरून आलं की आधी पाची ओळी मोठ्याने म्हणायच्या, मगच तपासणी. चष्मा न्यायला आलं की पुन्हा म्हणायच्या. नवा चष्मा घालून कुणी कुरकुरला, डोकं दुखतंय, पायरी वरखाली दिसतेय, तर चष्मेवाल्यांचं उत्तर ठरलेलं होतं. 'सवय होईल.' त्याउपर कुणी ताणलंच, तर ते त्याला पुन्हा खुर्चीत बसवायचे आणि पाटी वाचायला लावायचे. माणूस शेवटच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचायचा. मग चष्मेवाले हात झटकायचे. "दिसतंय की! पाटी खोटं बोलत नाही." तो बापडा स्वतःलाच दोष देत घरी जायचा.

घरात चष्मेवाल्यांची बायको होती, बहीण होती आणि सोळा वर्षांची मुलगी होती. मुलीचं अक्षर इतकं बारीक, की शाळेतल्या बाईंनी एकदा वहीवर शेरा मारला, 'मुंग्या पाळल्या आहेत का?' तेव्हापासून घरीदारी तिचं नाव मुंगी पडलं. कॉलेजातून आली की ती दुकानात काचा बसवायचं काम करी. हात तिचा चांगला होता. तोंड त्याहून चांगलं होतं, पण ते घरात उघडायची सोय नव्हती.

कारण घरात 'चिंतन' होतं. म्हणजे असं, की कुणाच्या हातून काही चुकलं आणि त्यानं ते कबूल केलं, तर चष्मेवाले त्याला रागवत नसत. छे! रागवणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. ते त्याला समोर बसवून फक्त दीड तास बोलत. ती चूक का झाली, तिच्या मुळाशी कुठला दुर्गुण आहे, तो कधीपासून आहे, आजोबांच्यात कसा नव्हता. एवढ्यावर भागत नसे. दुसऱ्या दिवशी ती चूक दुकानात जाई आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला 'आमच्याच घरातलं उदाहरण' म्हणून ऐकवली जाई. मुंगीनं आठ वर्षांची असताना एक काचेची बरणी फोडली आणि भोळेपणानं जाऊन सांगितलं. आज आठ वर्षं झाली, अजून रस्त्यात अनोळखी माणसं तिला थांबवतात. "काय गं, बरणी फोडणारी ती तूच ना?"

त्या दिवशी मुंगीनं कानाला खडा लावला. आईनं तर तो लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात लावला होता. कपाटामागे तिचा एक खोका होता, त्यात फुटलेल्या कपबश्या, जळलेली फडकी आणि एक मोडलेलं घड्याळ सुखानं नांदत होतं. खरेपणावर इतकी भाषणं ज्या घरात होतात, तिथे लपवाछपवीचं काम किती सफाईनं चालतं हे पाहायचं असेल, तर त्या खोक्यात डोकावावं.

आत्या मात्र यातली नव्हती. ती गरीब गाय. सकाळी डबा घेऊन कपडे धुण्याच्या मोठ्या दुकानात जायची आणि मागच्या खोलीत खिडकीशी बसून रफू करायची. कोटाला सिगरेटीनं भोक पडलेलं असो की शालीला कसरीनं, आत्या त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायची आणि ते भोक असं विणून टाकायची, की मालकालासुद्धा जागा सापडू नये. वीस वर्षं ती हे करत होती. तिच्याकडे स्वतःचं असं एवढं एकच होतं. राहायला भावाचं घर, जेवायला भावाचं ताट, पण खिडकीजवळची ती खुर्ची तिची स्वतःची होती. तिथे तिला सगळे 'बाई' म्हणायचे आणि तिच्या कामात कुणी नाक खुपसायचं नाही.

तीन आठवड्यांपूर्वी आत्याचा नवा चष्मा झाला. उजव्या डोळ्याचा नंबर थोडा, डाव्याचा बराच जास्त. काचा बसवायचं काम मुंगीकडे आलं. धंद्यातला नियम असा, की एका वेळी एकच पाकीट उघडायचं. आधी उजवी काच बसवायची, स्क्रू आवळायचा, मगच डाव्या पाकिटाला हात लावायचा. मुंगीला हे झोपेतही ठाऊक होतं. पण नेमका तेव्हाच मैत्रिणीचा फोन आला, कुणाचं तरी कुणाशी तरी बिनसलं होतं, आणि बोलता बोलता बाईसाहेबांनी दोन्ही पाकिटं उघडून दोन्ही काचा एकाच फडक्यावर ठेवल्या. फोन ठेवला तेव्हा उजवी कुठली आणि डावी कुठली, पत्ता नाही. दुसरी कुठली फ्रेम असती तर काचेनंच तक्रार केली असती, भलत्या बाजूला ती बसलीच नसती. पण आत्याची फ्रेम चांगली वाटोळी. तिच्यात कुठलीही काच कुठेही जाऊन बसते. काचेची ताकद मोजायचं यंत्र समोरच होतं, पण बाबा तिथे उभे, आणि बसवायच्या आधीच काच यंत्रात घालते म्हटल्यावर ते विचारणार, का? मग चिंतन. मुंगीनं काचा उजेडात धरून पाहिल्या, अंदाज बांधला आणि बसवून टाकल्या.

संध्याकाळी आत्या आली, चष्मा घातला आणि पाची ओळी घडाघडा वाचल्या. मुंगीचा जीव भांड्यात पडला. चला, अंदाज बरोबर निघाला! ती ते विसरूनही गेली.

पुढे आत्याचं डोकं दुखायला लागलं. सवय होईल. सुईत दोरा जाईना. सवय होईल. एका गिऱ्हाइकाचा कोट परत आला, रफू दिसतंय म्हणून. वीस वर्षांत असं झालं नव्हतं. आत्यानं तो उसवून पुन्हा केला, तो पुन्हा परत आला. आत्यानं चष्म्याला दोष दिला नाही, कारण चष्मा दादानं केलेला. पाटी तर तिनं सगळी वाचली होती. मग राहिलं काय? डोळे. डोळेच गेले आपले, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं.

शुक्रवारी संध्याकाळी दुकानात निवृत्त पोस्टमन आले. मुंगी मागच्या बाजूला पाटीची काच पुसत बसली होती, महिन्याचं काम होतं ते. पुढे बाबांचा आवाज आला, "हं, वाचा." आणि पोस्टमनकाकांनी सुरुवात केली. "खरे बोला. वडिलांचा मान राखा..."

मुंगीनं आपल्या मांडीकडे पाहिलं. पाटी तिच्या मांडीवर होती.

तिनं पडदा बाजूला करून पाहिलं. पोस्टमनकाका मान ताठ करून रिकाम्या भिंतीकडे बघत होते. भिंतीवर एक खिळा होता. बाबा भिंतीकडे पाठ करून, काकांच्या नाकावरच्या तपासणीच्या चौकटीत काचा बदलत होते.

"आता?" बाबांनी दुसरी काच घातली.

"आता जास्त स्वच्छ दिसतंय," पोस्टमनकाका म्हणाले, आणि शेवटची ओळसुद्धा वाचून मोकळे झाले.

"शाब्बास!"

मुंगीला आधी हसू आलं. इतकं, की तिनं फडकं तोंडात कोंबलं. आणि मग हसता हसताच तिनं ते तोंडातून काढलं. रिकामी भिंत जर वाचता येते, तर आत्यानं त्या दिवशी काय वाचलं होतं?

जेवताना ती अगदी साळसूदपणे म्हणाली, "आत्या, चष्मा दे ना, पुसून देते." एका स्क्रूचं काम. कुणाला कळायचंही नाही. खोका कपाटामागे असतो तो काही उगाच नाही.

"चष्मा दादाच्या दुकानात ठेवून आले गं, गल्ल्याशेजारी," आत्या म्हणाली. "काय करायचाय आता? उद्या दुपारी मालकांना सांगून टाकते, माझ्याच्यानं होत नाही म्हणून. त्यांचं नुकसान कशाला?" बोलताना ती ताटातलं नुसतं चिवडत होती.

आईनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं घसा साफ केला. "उद्या दहाला दुकानात ये. सगळ्यांसमोर पुन्हा तपासतो. पाटी वाचलीस तर समज की डोळे ठीक आहेत आणि आळस मनात आहे. दोष चष्म्यात नसतो, वृत्तीत असतो."

आत्या "बरं दादा" म्हणाली. तिच्या पुढ्यातलं पाणी तसंच होतं.

शनिवारी दुकान उघडून झाडायचं काम मुंगीचं. साडेआठला तिनं आधी तो चष्मा यंत्रात घातला. उलट्या! उजवीकडे डावी, डावीकडे उजवी. तीन आठवडे आत्या असल्या काचांतून सुईच्या नाकाकडे बघत बसली होती. मुंगीला रडूच आलं, आणि स्वतःचा असा राग आला की हातातला पेचकस फेकून द्यावासा वाटला. पण मग काचा कशानं बदलल्या असत्या? पाच मिनिटांत तिनं काचा बदलल्या, पुन्हा यंत्रात घालून पाहिल्या, पुसल्या, डबीत ठेवल्या. झालं. संपलं. आता आत्या येईल, चष्मा घालेल, तिला दिसेल. बाबा म्हणतील, बघ, वृत्तीतच दोष होता. आणि आत्या ते खरं मानेल. जन्मभर मानेल, कारण दादा म्हणाला. शेजारीपाजारी सांगेलसुद्धा, माझंच मन ठिकाणावर नव्हतं हो.

मुंगीनं भिंतीवरची पाटी खिळ्यावरून उतरवली. मग तिनं एक पांढरा पुठ्ठा घेतला.

वर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'जिना'. खाली 'मांजर ओले आहे'. मग 'शेजारी पुन्हा भांडले'. मग 'खिडकीतून वारा येतो म्हणून टोपी घाला'. पाचव्या ओळीला पेन थांबलं. तोंडानं सांगायचं तर दीड तास, आणि पुढची आठ वर्षं 'काचा उलट्या बसवणारी ती तूच ना?' नाही सांगितलं, तर आत्याचा तो पडलेला चेहरा. मुंगीनं मधला मार्ग काढला. सांगायचं, पण इतक्या बारीक अक्षरात, की सांगितल्याचं पुण्यही पदरात पडावं आणि कुणाला दिसूही नये. आपल्या खास मुंग्या तिनं पुठ्ठ्यावर सोडल्या. 'आत्या, काचा मी उलट्या बसवल्या होत्या.' बाबांना एवढं बारीक दिसणार नाही, हे तिला ठाऊक होतं. त्यांचा स्वतःचा चष्मा अकरा वर्षांचा होता आणि ते स्वतःला त्याच पाटीवर तपासत.

दहाला बाबा आले, मागून आत्या. पाटीच्या खिळ्यावर आता पुठ्ठा टांगलेला होता. पोस्टमनकाका त्यांचा चष्मा न्यायला बाकावर येऊन बसलेच होते.

"हे काय?" बाबा पुठ्ठ्याकडे बघून म्हणाले. "जिना? मांजर ओले? यात संस्कार कुठे आहेत?"

"यात अक्षरं आहेत, बाबा. जुनी पाटी लोकांना पाठ झालीय. काल काकांनी वाचली तेव्हा ती माझ्या मांडीवर होती. भिंत रिकामी होती."

पोस्टमनकाकांनी चपलेकडे बघायला सुरुवात केली.

"मग?" बाबांचा चेहरा खुलला. "वाचली ना बरोबर? संस्कार आत उतरले म्हणतात ते हेच!"

यावर काय बोलणार, कपाळ?

"माझी एकही ओळ ठेवली नाहीस?"

"एकही नाही."

"बरं. आजचा दिवस राहू दे. बस गं तू."

आत्या खुर्चीत बसली. चष्मा घातला, आणि तिची मान एकदम वर आली. "जिना," ती म्हणाली. "मांजर ओले आहे." तिचा आवाज बदलत चालला होता. "शेजारी पुन्हा भांडले. अगं बाई! खिडकीतून वारा येतो म्हणून टोपी घाला." ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. मग तिची नजर खाली, शेवटच्या ओळीवर गेली.

आणि तिथेच थांबली.

आत्यानं मुंगीकडे पाहिलं. मुंगीनं खाली पाहिलं. आत्यानं पुन्हा पाटीकडे पाहिलं, घसा खाकरला आणि शांतपणे म्हणाली, "चूक झाली तर ती लगेच कबूल करा."

मुंगीनं चटकन मान वर केली. आत्या तिला वाचवत होती!

"थांब, थांब," बाबा म्हणाले. "ही तर माझी ओळ. मुंगी म्हणते तिनं माझी एकही ओळ ठेवलेली नाही. म्हणजे तू वाचली नाहीस, पाठ म्हटलीस!" ते बाकाकडे वळले. "बघितलंत? मोठं दिसतंय, बारीक दिसत नाही. आणि रफूला तर बारीकच दिसायला लागतं. चष्मा ठीक आहे, डोळे गेलेत. जा बाई, सांगून ये मालकाला. खरं ते मान्य करावं माणसानं."

आत्या एक वाक्य बोलली असती तर तिची खुर्ची तिला परत मिळत होती. पण ते वाक्य पोरीचं होतं, तिचं नव्हतं. ती उठली, पिशवी खांद्याला लावली आणि चष्मा काढून गल्ल्यावर ठेवायला लागली.

"आत्याला दिसतंय," मुंगी म्हणाली.

"काय?"

"तिला दिसतंय, बाबा! शेवटची ओळपण दिसतेय. तिथे लिहिलंय, 'आत्या, काचा मी उलट्या बसवल्या होत्या.' मी दोन्ही पाकिटं एकदम उघडली. फोनवर बोलत होते. उजवी काच डावीकडे गेली, डावी उजवीकडे. तीन आठवडे ती तोच चष्मा घालत होती. आज सकाळी मी काचा बदलल्या, म्हणून तिला दिसतंय. तिचे डोळे चांगले आहेत. मीच नालायक आहे." तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "आणि माझी खात्री नव्हती, तरी मी यंत्रात घालून पाहिलं नाही, कारण तुम्ही विचारलं असतं. आत्या, मालकांना सांग, चष्मा चुकला होता. मी येते तुझ्याबरोबर सांगायला."

मग चष्मेवाल्यांनी छाती भरून श्वास घेतला. घरच्यांना तो श्वास ओळखीचा होता. दीड तासाचा श्वास होता तो.

"मुंगी," ते सुरू झाले, "ही चूक आज झालेली नाही. हिचं मूळ..."

"दादा," आत्या म्हणाली.

चष्मेवाले थांबले. बहिणीनं त्यांना मध्येच तोडलं, हे त्यांच्या आठवणीत पहिल्यांदाच होत होतं.

"आधी वाच तरी, पोरीनं काय लिहिलंय ते."

"वाचतो की! त्यात काय?" ते भिंतीकडे वळले. डोळे बारीक केले. एक पाऊल पुढे गेले, मग आणखी एक. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. नाक पुठ्ठ्याला टेकायचं बाकी राहिलं. बाकावर पोस्टमनकाका आता चपलेकडे बघत नव्हते.

"अक्षर फारच बारीक काढलंय," चष्मेवाले भिंतीशीच बोलले. "आणि हा चष्मा... हल्ली जरा..."

मुंगीनं डोळे पुसले आणि तपासणीची खुर्ची त्यांच्याकडे फिरवली. "बसा, बाबा."

आत्यानं चष्मा पुन्हा नाकावर चढवला, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि मुंगीला चल म्हणून खूण केली.

"होईल सवय, दादा," ती म्हणाली, आणि कामाला गेली.